पायांना न लागलेली धूळ

अण्णा,

तुमच्या खुर्चीत मांजर व्याली आहे. ही गोष्ट तुमच्या कानावर घालणं मला भाग आहे, कारण घरात या प्रकाराचं गांभीर्य माझ्याखेरीज कुणालाच कळलेलं दिसत नाही. गेल्या शनिवारी कल्याणची शाळा आटोपून शहापूरला घरी आलो, खुर्ची माळ्यावरून खाली उतरवली, चाकांना तेल दिलं, आणि उद्या सवडीने पुसू म्हणून ओटीवर ठेवली. सकाळी पाहतो तो वेताच्या बैठकीवर, तुमच्या जुन्या घोंगडीच्या घडीत, शेजारची पिवळी मांजर आडवी पसरलेली आणि तिच्या पोटाशी चार जीव चिकटलेले. मी तक्रार घेऊन तुमच्या सुनेकडे गेलो. म्हटलं, खुर्ची आमची, घोंगडी आमची, ओटी आमची, मांजर शेजाऱ्यांची, तिला हा अधिकार पोचतो कुठून? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत खुर्चीला हात लावायचा नाही. आणि तुम्हीही तिथे जाऊन तिच्याशी वाद घालत बसू नका." म्हणजे दाद मागायला गेलो आणि मनाई घेऊन आलो. तुम्ही मला पुण्याच्या पाठशाळेत घातलंत, इतकी वर्षं मी तर्क घोकला, आणि एका बाळंतीण मांजरीपुढे माझं काही चाललं नाही. वरकरणी मी चिडलो आहे. पण खरं सांगायचं तर तिचे माझ्यावर उपकारच झालेत. निदान आठ-दहा दिवस तरी कुणी मला "मग विचारलंत का त्यांना?" असं म्हणणार नाही.

विचारायचं आहे ते आईला. गेल्या पावसाळ्यापासून तिचा डावा गुडघा धरला आहे. मुरबाडचे मामा अंथरुणाला खिळले आहेत, आणि या मे महिन्याच्या सुट्टीत तिला काही झालं तरी जाऊन भावाला भेटायचं आहे. मोटार मुरबाडच्या नाक्यावर सोडते, आणि तिथून मामांचं घर म्हणजे सगळी पेठ ओलांडून पार पलीकडच्या अंगाला. ती म्हणते, मी चालेन. बसत उठत चालेन, पण चालेन. घरातली बाकीची मंडळी म्हणतात, खुर्ची आहे की. एवढं म्हणून झालं की सगळे माझ्याकडे बघतात, कारण नको नको म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्या खुर्चीत बसवून दाखवण्याचा अनुभव या घरात एकट्या माझ्या गाठीला आहे. स्वयंपाकघरात एखादी बाई पुरणाची तज्ज्ञ असते ना, तसा मी या बाबतीतला तज्ज्ञ. ही कीर्ती मी तुमच्या जिवावर मिळवलेली आहे.

तुम्ही उभा जन्म पायी काढलात. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत तुमची यजमानघरं विखुरलेली. आज शेणव्याला पूजा, उद्या किन्हवलीला श्राद्ध, परवा थेट माळशेजच्या पायथ्याला वैशाखऱ्याला सत्यनारायण. कुणी गाडी पाठवली तर तुम्ही पोथ्यांची पिशवी आणि शिध्याचं गाठोडं गाडीत ठेवायचात आणि स्वतः गाडीमागून चालायचात. गाडीवान म्हणायचा, बसा न भटजी. तुमचं उत्तर ठरलेलं, "बैलांना कशाला उगाच माझं पाप?" असा तुमचा थाट. मग साठी उलटली, दोन्ही गुडघे सुजायला लागले, आणि घरापासून आळीच्या टोकाच्या देवळापर्यंत जायला तुम्हाला अर्धी सकाळ लागू लागली. प्रत्येक ओट्यापाशी तुम्ही थांबायचात आणि काठीवर दोन्ही हात ठेवून घरातल्यांची ख्यालीखुशाली विचारायचात. तुम्ही दम खायला थांबता हे साऱ्या आळीला ठाऊक होतं. पण आळी शहाणी, तुम्ही नुसतं "काय, बरं आहे ना?" म्हटलं की लोक म्हशीच्या दुखण्यापासून जावयाच्या बदलीपर्यंत सगळं पाल्हाळ लावून सांगत, तुमचा श्वास खाली बसेपर्यंत. घाई असायची ती फक्त मला. मी तुमच्या शेजारी उभा राहून आकाशाकडे बघायचो. माझ्या तेवढ्या बघण्यात काय असायचं हे तुम्हाला कळत नसेल असं समजण्याइतका मी तेव्हा मूर्ख होतो.

अशात आसनगावच्या बाजूला एका पारशी शेटजींच्या हवा खायच्या बंगल्यातलं सामान त्यांच्या माघारी विकायला निघालं, आणि मी ही चाकांची खुर्ची घेऊन आलो. दोन मोठी चाकं, त्यांना रबराच्या धावा, मागे ढकलायला दांडा, पुढे पाय ठेवायला फळी. ओटीवर मांडून मी तुम्हाला बोलावलं. तुम्ही तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातलीत, एका चाकाला काठीने टोचून पाहिलंत, आणि म्हणालात, "दुसऱ्याच्या जिवावर माणसाने एकदाच जायचं असतं. त्याची एवढी घाई कशाला?"

मी म्हटलं, "ते खांद्यावरून जाणं झालं, अण्णा. इथे खांदा कुठे आहे? चाकं आहेत."

"तिरडीला चाकं लावली म्हणून तिची वरात होते का रे?"

"पण मोटारीत बसता तुम्ही."

"मोटारीला इंजिन आहे."

"बैलगाडीत बसता. म्हणजे हल्ली तरी बसता."

"गाडीला बैल जुंपतात. इथे कुणाला जुंपणार? तुलाच ना?"

"मग त्यात नवीन काय आहे? लहानपणी पाठांतर चुकलं की तुम्ही मला बैलच म्हणत होतात."

यावर तुम्ही हसलात. शेंडी हलेपर्यंत हसलात. वाद तुम्ही जिंकला होतात. हे मीही कबूल करतो की पूर्वपक्ष माझा लंगडाच होता. पण तुम्ही हसलात आणि तिथेच मी ओळखलं की आता वादाने नव्हे, असंच कुठल्यातरी चोरवाटेने तुम्हाला गाठायचं. आत्या वैशाखऱ्याला होती, तुमच्याहून वडील, आणि सुट्टीत चार आठवडे सगळ्यांनी तिच्याकडे राहायचं असं ठरलं होतं. मी म्हटलं, खुर्ची नुसती गाडीवर टाकून नेऊ, सामान ठेवायला होईल. तुम्ही म्हणालात, "सामानाला ने. मी सामान नव्हे."

किन्हवलीच्या वाटेने, मग सरळगावावरून, दोन गाड्या करून आपण गेलो. पुढच्या गाडीवर ती खुर्ची उलटी बांधलेली, चाकं वर आकाशात. वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस आधी तिच्याकडे बघायचा आणि मग आजारी कोण ते आपल्यात शोधायचा. तेव्हा तुम्ही गाडीत ताठ बसायचात आणि मुद्दाम मोठ्याने त्याला रामराम घालायचात. मला त्याचं हसू येत होतं.

तुम्हाला खरं हरवलं ते आत्याने. पोचल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात आली, पदर खोचला, आणि सरळ खुर्चीत जाऊन बसली. म्हणाली, "ढकल रे बैला." (म्हणजे ती ओटीवरची गोष्ट तुम्ही तिला सांगितली होतीत.) मी तिला अंगणातून गोठ्यापर्यंत नेलं, गोठ्यापासून विहिरीपर्यंत नेलं. बोळक्या तोंडाने ती मुलीसारखी ओरडत होती, "अजून जोरात! तुझ्या बापाला नको तर नको, मी म्हाताऱ्या होणाऱ्या सगळ्या बायकांना बसवीन हिच्यात!" तुम्ही पडवीत उभे होतात. आत्या उतरेना. शेवटी तुम्ही खाली आलात आणि म्हणालात, "पुरे गो. मोडशील. ऊठ, बघू दे कशी आहे ती." सत्तरी गाठलेल्या माणसाने बहिणीच्या हातातलं खेळणं मागावं तसं मागितलंत तुम्ही. बसलात. मी दांडा धरला. तुमच्या डोक्यावरून आत्याने मला डोळा मारला, आणि मला वाटलं, जिंकलो.

त्यानंतरचे दिवस वाईट होते असं मी म्हणणार नाही. तुमच्यापाशी तरी खोटं कशाला बोलू. संध्याकाळी ऊन कललं की आपण गावाबाहेरच्या गाडीवाटेने निघायचो. घाटाच्या कड्यावर उन्हाची शेवटची पट्टी असायची. घरापासून त्या वळणापर्यंत तुम्हाला चालत न्यायचं तर अंधार पडला असता; खुर्चीतून आपण बोलता बोलता पोचायचो. तुम्ही जुन्या गोष्टी सांगायचात. कुठल्या झाडाखाली पावसात अडकून रात्र काढलीत, कुठल्या ओढ्याने तुमची पोथी नेली आणि खालच्या गावच्या गुराख्याने ती शेकोटीवर वाळवून आणून दिली. मला इतकं तुम्ही आधी कधी सांगितलं नव्हतंत. फक्त एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. ढकलणाऱ्याला बसलेल्याचं तोंड दिसत नाही. मला दिसायची तुमची शेंडी, मानेवरच्या सुरकुत्या, आणि उपरण्याची कड. तोंड कसं होतं ते मी आवाजावरून ठरवत होतो, आणि मला सोयीचं असेल तसं ठरवत होतो.

आता त्या दिवसाकडे येतो. इतका वेळ मांजरीपासून आत्यापर्यंत सगळ्यांना पुढे घातलं, ते याच्यासाठीच.

गावाच्या दुसऱ्या टोकाला, शेतांच्या पलीकडे, तुमचा एक यजमान राहत असे. तुमच्याच वयाचा, भातशेती करणारा, मोठ्या खटल्याचा. त्याच्याकडे तुम्ही पहिल्यांदा गेलात ते ऐन श्रावणात, गुडघाभर चिखल तुडवत. ब्राह्मण दारात आला की यजमानाने स्वतः तांब्या घेऊन त्याचे पाय धुवायचे, ही रीत. तोही तेव्हा नवाच कर्ता झालेला. पाणी घालतोय, चोळतोय, पण चिखल काही सुटेना, तेव्हा तो म्हणाला, "भटजी, पाय कुठं हायेत तुमचे? ही तर आमची शेतं हायेत सगळी." तुम्हाला हसू आवरेना, त्यालाही आवरेना, आणि घरातल्या म्हाताऱ्यांनी दोघांनाही रागे भरलं. त्या दिवसापासून तुमचं ठरूनच गेलं. दरवर्षी तुम्ही जायचात, तो तांब्या घेऊन खाली बसायचा, तुमचा पाय हातात घ्यायचा आणि विचारायचा, "काय भटजी, या टायमाला कुठली कुठली माती आणलीत?" तुम्ही सांगायचात, शेणव्याची, किन्हवलीची, सरळगावची, ज्या गावांतून चालत आला असाल त्या गावांची. मग तो धुवायचा. संकल्प, पूजा, आरती सगळं त्याच्या मागाहून. एका वर्षी तुम्ही तापाने आडवे होतात म्हणून मला पाठवलंत. त्याने माझेही पाय धुतले, अगदी नीट धुतले, पण मला काही विचारलं नाही.

आपण वैशाखऱ्याला आलोय हे कळल्यावर तो आत्याकडे आला. नातवाचं लग्न होतं. ओटीच्या पायरीवर बसून म्हणाला, "मंत्रांला नवा भटजी हाय. तुमाला तरास नाय. पन तुमी नुसतं दारात या. तुमचे पाय लागले म्हंजे आमचं झालं."

तुम्ही म्हणालात, "येतो. तू नाही बोलावलंस तरी आलो असतो."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आपण निघालो. शेतं मोकळी पडलेली, गाडीवाटेवर पिठासारखी धूळ. मी तुमची तयारी अशी केली होती की कुणी पाहिलं असतं तर मला शाबासकीच दिली असती. धुतलेलं धोतर, नवं उपरणं, आणि फळीवर ठेवलेले तुमचे पाय मी ओल्या पंच्यात गुंडाळले होते, धूळ उडू नये म्हणून आणि गारही वाटावं म्हणून. तुम्ही विचारलंत, "हे कशाला?" मी म्हटलं, "चांगल्या घरी चाललोय, अण्णा." तुम्ही काठी मागून घेतलीत आणि मांडीवर आडवी ठेवलीत. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्यांना काठीची सवयच असते.

यजमानाच्या शेताच्या बांधावर एक मोठी चिंच आहे. तिथून मांडव दिसतो, माणसांचे आवाज ऐकू येतात. चिंचेखाली आलो तेव्हा तुम्ही हात वर केलात. "इथे थांब. उतरतो मी. इथून चालत जातो."

मी म्हटलं, "अण्णा, आता तर हाकेवर आलं घर. उन्हात कशाला?"

"हाकेवर आहे म्हणून तर म्हणतो."

"सगळे खोळंबले असतील. तुमच्या चालीने निघालो तर आज हळद नि उद्या लग्न, दोन्ही आटपून मंडळी घरी गेलेली असतील." मला हे फार गमतीदार वाटलं. तुम्ही आळीत थांबायचात त्यावरून मी अशी थट्टा नेहमीच करत असे.

तुमचा उजवा हात खुर्चीच्या कडेने खाली आला आणि चाकावर टेकला. धाव तळव्याखाली घासली तसा तो दचकला, आणि मग पुन्हा वर काठीवर गेला. मी थांबलो नाही. मला वाटलं, तोल सावरताय. हे आत्ता लिहिलेलं वाक्य खोटं आहे, ते खोडून पुन्हा लिहितो. मला काही वाटलं नाही. मांडवातली माणसं आपल्याकडे बघायला लागली होती आणि मला ती खुर्ची त्यांच्यापुढे नेऊन उभी करायची होती.

आणि केली. मांडवाच्या तोंडाशी गर्दी झाली. कुणी म्हणालं, "काय भटजी, रथ आनला!" कुणी खाली वाकून चाकाचे आरे बघत होतं. मी दांड्याशी उभा राहून, रबर कसं असतं, वळवायचं कसं, ते समजावून सांगत होतो. पाठशाळेत भाष्य सांगताना कधी एवढे श्रोते मिळाले नाहीत मला. तेवढ्यात लोक बाजूला झाले आणि तांब्या घेऊन तो म्हातारा आला. गुडघ्यांवर हात टेकत टेकत फळीपुढे बसला. मी पुढे होऊन पंचा सोडला.

त्याने तुमचा पाय हातात घेतला. उलटा करून तळवा पाहिला. मग दुसरा पाहिला. आणि हळूच, जणू स्वतःशीच, म्हणाला, "पाय तर सफा हायेत."

तुम्ही म्हणालात, "पोराने धूळ लागू दिली नाही."

"बरं केलान," तो म्हणाला. आणि त्याने पाणी घातलं. पाणी जसं आलं तसंच, स्वच्छ, फळीवरून खाली गेलं. मी आता पुढे होतो म्हणून मला तुमचं तोंड दिसलं. तुम्ही त्याच्याकडे बघत होतात. मी इतकी वर्षं वर्गावर उभा आहे. उत्तर येत असलेला मुलगा मास्तरांनी आपल्याला विचारावं म्हणून कसा बघतो ते मला ओळखता येतं. तो काही विचारेना. काय विचारणार होता? त्याने खांद्यावरच्या पंच्याने तुमचे पाय पुसले, डोकं टेकवलं, आणि उठायला दोघांनी त्याला हात दिला.

संध्याकाळी परत आलो. आई पडवीत कैऱ्यांच्या फोडी करत बसली होती, आत्या तिच्याजवळ. मी अंगणात चाकं पुसत होतो. आत्याने तुम्हाला बघताच विचारलं, "काय रे, विचारलं का त्याने?"

तुम्ही म्हणालात, "विचारलं की."

"आणि तू सांगितलंस? सकाळी म्हणत होतास ते?"

"सांगितलं. म्हटलं, या खेपेला लांबची नाही बाबा, तुझ्याच शेताची आणलीय. चिंचेपासून इथवरची."

"मग? हसला?"

"हसला," तुम्ही म्हणालात. "पोट धरून हसला."

आत्या किती वेळ टाळ्या पिटत होती. आईची विळी थांबली होती. तिने तुमच्याकडे पाहिलं, मग फळीवरच्या तुमच्या पायांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. पुन्हा कैरी घेतली. ती त्यावर कधी बोलली नाही, तेव्हा नाही आणि नंतरच्या या बारा वर्षांत नाही.

तुम्ही मला रागे भरला असतात तर फार बरं झालं असतं. लहानपणी एक रूप चुकलं तर तुम्ही दिवसभर बोलत नव्हतात. त्या दिवसानंतर मात्र तुम्ही माझ्याशी अगदी गोड वागलात. फिरायला जायचं? बरं. नको, आज उशीर झालाय, राहू दे? बरं. वाद घालणंच सोडलंत. तुमच्याकडून इतकी संमती मला जन्मात मिळाली नव्हती आणि ती घेऊन मी करू काय हे कळेना. शहापूरला परत आल्यावर मी एकदा काठी तुमच्या हाताशी आणून ठेवली. तुम्ही म्हणालात, "असू दे. तूच ने." दिवाळीनंतर तुम्ही अंथरूण धरलंत आणि थंडी सरायच्या आत गेलात. वैद्य म्हणाले, वय. डॉक्टर म्हणाले, हृदय. मीही तर्क शिकलेला माणूस आहे. कावळा बसायला आणि फळ पडायला एक गाठ पडली म्हणून कावळ्याने फळ पाडलं असं होत नाही, हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून शिकवतो. लिहून झाल्यावर हात पुसतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो.

तुमचा यजमान तुमच्यामागे तीन-चार वर्षं होता. तो गेल्यावर मी समाचाराला गेलो होतो. चालत गेलो. त्याच्या सुनेने पाय धुवायला पाणी ठेवलं आणि आत निघून गेली, ते मी माझं मी ओतून घेतलं.

काल मी आईपाशी बसलो होतो. म्हटलं, बोलूनच टाकू. मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "ती मांजर उठली की काढणार ना ती खुर्ची?"

मी म्हटलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

"माझं? मला नको. पेठेतून जायचं म्हणजे दुकानादुकानातून माणसं ओळखीची. तिथेच वाढले मी. काय म्हणतील?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पण तू सांगितलंस तर बसेन हो. तुझ्या शब्दाबाहेर ते तरी कुठे गेले?"

ती टोचून बोलली की सरळ बोलली, हे मला ठरवता येत नाही. काल रात्रभर त्याचे दोन्ही अर्थ लावून पाहिले. आणि आज रविवार, घरातली माणसं दुपारची आडवी झालेली, म्हणून हे लिहायला बसलो. तुम्हाला ते पाठवायची सोय नाही. आईच्या हाती पडू द्यायची छाती नाही. मग कुणासाठी लिहितो आहे असं तुम्ही विचाराल. विचारा, एवढ्या दिवसांनी का होईना वाद घालाल तर बरंच आहे.

आई हट्टाला पेटेल याची मला काळजी नाही. तिला मी पटवीन. ते मला येतं. पण आज सकाळीच ती देवघरातून मागल्या दाराकडे निघाली, भिंतीला हात लावत, चौकटीपाशी थांबत, आणि मी मागे उभा होतो. मला बाहेर जायचं होतं. माझा हात आपोआप तिच्या कोपराखाली गेला, आधाराला नाही, पुढे सारायला. तिने वाट दिली. बारा वर्षं मनाला लावून घेतलं म्हणून मी काही सावकाश चालायला शिकलेलो नाही, अण्णा. ती जर वाटेत कुठे म्हणाली, इथून मी चालते, तर थांबायचं एवढंच मला करायचं आहे, आणि मी थांबेन असं मला वाटत नाही.